प्रकाशाचा वेग मोजणारे मायकेल्सन

१८६९ सालची गोष्ट. अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यातून सोळा वर्षांचा एक मुलगा आगगाडीने वॉशिंग्टनला निघाला. देशाच्या पश्चिम भागाला पूर्व भागाशी जोडणारा लोहमार्ग त्याच वर्षी पुरा झाला होता. मुलाजवळ एक शिफारसपत्र होते आणि त्याला भेटायचे होते थेट राष्ट्राध्यक्षांना. अॅनापोलिस येथील नौदल अकादमीत प्रवेश मिळावा म्हणून त्याने परीक्षा दिली होती. परीक्षेत तो बरोबरीने पहिला आला; परंतु जागा एकच होती आणि ती दुसऱ्या मुलाला मिळाली. अशा दहा जागा राष्ट्राध्यक्षांच्या हाती असत. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. पण त्या वर्षीच्या दहाही जागा भरून गेल्या होत्या. तरीही मुलगा घरी परतला नाही. तो अॅनापोलिसला जाऊन वाट पाहत राहिला. अखेर ग्रँट यांनी नियमात नसलेली अकरावी जागा त्याला दिली. मोठेपणी तो गमतीने सांगत असे, की आपल्या कारकिर्दीची सुरुवातच एका बेकायदेशीर कामाने झाली!

या मुलाचे नाव अल्बर्ट अब्राहम मायकेल्सन. त्यांचा जन्म १९ डिसेंबर १८५२ रोजी स्ट्रेल्नो या गावी झाला. तेव्हा हे गाव प्रशिया देशात होते. आज ते पोलंडमध्ये आहे. अल्बर्ट अगदी लहान असतानाच आईवडील त्यांना घेऊन अमेरिकेला गेले. त्या काळी कॅलिफोर्नियात सोन्याच्या खाणी सापडल्या होत्या आणि देशोदेशींचे लोक तिकडे धाव घेत होते. अल्बर्टच्या वडिलांनी सोने खणले नाही. त्यांनी खाणकामगारांच्या वस्तीत दुकान थाटले. कुदळी, कपडे, शिधा असा माल ते विकत. पुढे अल्बर्ट शिक्षणासाठी सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तेथील मुख्याध्यापकांनी या मुलाची हुशारी ओळखली. शाळेच्या प्रयोगशाळेतील उपकरणे पुसून नीट ठेवण्याचे काम त्यांनी त्याला दिले आणि त्याबद्दल थोडे पैसेही दिले. उपकरण हातात कसे धरावे, त्याचा स्क्रू किती हलक्या हाताने फिरवावा, हे अल्बर्ट तेथे शिकला. मला वाटते, त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा पाया त्या कपाटापाशीच घातला गेला.

नौदल अकादमीत मायकेल्सन प्रकाशशास्त्रात पहिले आले आणि नौकानयनात पंचविसावे! १८७३ साली ते पदवीधर झाले. काही काळ त्यांनी जहाजावर काढला आणि नंतर त्याच अकादमीत ते विज्ञानाचे शिक्षक झाले. येथून खरी गोष्ट सुरू होते.

विद्यार्थी मित्रांनो, आपण घरी ज्याला रोशनीची रफ्तार म्हणतो, तोच मराठीतला प्रकाशाचा वेग. पावसाळ्यात वीज चमकते आणि थोड्या वेळाने गडगडाट ऐकू येतो, हे तुम्ही पाहिले आहे. आवाजाला पोहोचायला वेळ लागतो. मग प्रकाशालाही वेळ लागतो का? अनेक विद्वानांना वाटे, की प्रकाशाला वेळ लागतच नाही. दिवा लागला की त्याच क्षणी उजेड सगळीकडे पोहोचतो. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल्-हैसम यांनी मात्र वेगळे मत मांडले. प्रकाशालाही जाण्यास काळ लागतो, पण तो इतका थोडा असतो की आपल्या ध्यानात येत नाही, असे ते म्हणत. १६७६ साली रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने गुरू ग्रहाच्या चंद्राची ग्रहणे पाहून प्रकाशाला वेळ लागतो हे दाखवून दिले. पुढे १८६२ साली फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने फिरत्या आरशाच्या मदतीने हा वेग खोलीच्या आत मोजला. त्यांचे उत्तर होते सेकंदाला सुमारे २,९८,००० किलोमीटर.

फिरत्या आरशाची युक्ती समजून घ्या; ती कठीण नाही. वेगाने फिरणाऱ्या आरशावर प्रकाशाचा किरण सोडायचा. तो किरण दूरच्या दुसऱ्या आरशावर जाऊन परत येतो. तेवढ्या अत्यल्प वेळात पहिला आरसा किंचित वळलेला असतो. म्हणून परतलेला किरण आपल्या मूळ जागी न पडता जरा बाजूला पडतो. किती बाजूला पडला हे मोजले, की हिशेबाने प्रकाशाचा वेग काढता येतो. फुको यांच्या प्रयोगात हे सरकणे एक मिलिमीटरपेक्षाही कमी होते. एवढेसे अंतर अचूक मोजणार कसे?

१८७७ साली मायकेल्सन यांना हा प्रयोग वर्गात दाखवायचा होता. तयारी करताना त्यांच्या लक्षात आले, की आरशांची मांडणी थोडी बदलली तर दोन आरशांमधील अंतर पुष्कळ वाढविता येईल. पहिले उपकरण त्यांनी शाळेतल्या जुन्या सामानातून आणि पदरचे थोडे पैसे घालून जुळविले. (शिकविण्यासाठी केलेली तयारी शिक्षकालाच कुठल्या कुठे घेऊन जाते, हे मी नेहमी पाहतो.) पुढे त्यांच्या सासऱ्यांनी दोन हजार डॉलर दिले आणि समुद्राच्या बाजूच्या भिंतीलगत मोठा प्रयोग उभा राहिला. दोन आरशांमध्ये सुमारे सहाशे मीटर अंतर होते आणि आरसा सेकंदाला सुमारे २५७ फेरे घेत होता. परतलेला किरण आता १३३ मिलिमीटर बाजूला पडू लागला. साध्या पट्टीनेही दिसेल एवढे! १८७९ साली मायकेल्सन यांनी उत्तर जाहीर केले: सेकंदाला २,९९,९१० किलोमीटर, आणि त्यात ५० किलोमीटरपर्यंत चूक संभवते. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. हा आकडा ध्यानात ठेवा; पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता एका कोड्याकडे वळू. आवाज हवेतून जातो. लाट पाण्यावरून जाते. मग सूर्याचा प्रकाश रिकाम्या आकाशातून कशाच्या आधाराने येतो? त्या काळच्या शास्त्रज्ञांनी उत्तर दिले होते, की सगळे विश्व ‘ईथर’ नावाच्या एका अदृश्य पदार्थाने भरलेले आहे आणि प्रकाश हा त्या ईथरवरचा तरंग आहे. ईथर कोणी पाहिला नव्हता. तरी तो असलाच पाहिजे, अशी सर्वांची खात्री होती. मायकेल्सन यांचीही होती. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते. म्हणजे ती या ईथरमधून धावते. धावत्या आगगाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला की हाताला वारा लागतो. त्याचप्रमाणे पृथ्वीवरही ईथरचा वारा वाहत असला पाहिजे. मग त्या वाऱ्याच्या दिशेने जाणारा प्रकाश आणि आडवा जाणारा प्रकाश यांचा वेग सारखा कसा असेल? तो वेगवेगळा असणारच. हा फरक आपण पकडायचा, असे मायकेल्सन यांनी ठरविले.

हा भाग शिकवताना मी फळ्यावर एक नदी काढतो. समजा, नदीचा प्रवाह सेकंदाला ३ मीटर वेगाने वाहतो आहे. दोन नावा आहेत आणि दोन्हींचा स्वतःचा वेग सेकंदाला ५ मीटर आहे. पहिली नाव प्रवाहाच्या विरुद्ध १०० मीटर वर जाते आणि परत येते. वर जाताना तिचा वेग २ मीटर उरतो, म्हणून ५० सेकंद लागतात. परत येताना वेग ८ मीटर होतो, म्हणून साडेबारा सेकंद लागतात. एकूण साडेबासष्ट सेकंद झाले. दुसरी नाव १०० मीटर रुंद पात्र सरळ ओलांडून परत येते. प्रवाहाने वाहून जाऊ नये म्हणून तिला थोडे तिरपे वल्हवावे लागते. त्यामुळे पलीकडे जाण्याचा तिचा वेग ४ मीटर उरतो. तिला जाऊन येऊन ५० सेकंद लागतात. अंतर सारखेच, पण आडवी जाणारी नाव जिंकली. कोणतीही नाव आधी परतली असे दिसले, की पाण्याला हात न लावताही तुम्ही सांगू शकाल, की नदी वाहते आहे. दोन्ही नावा बरोबरच परतल्या, तर काय म्हणाल? पाणी स्थिर आहे असेच म्हणाल.

मायकेल्सन यांनी नावांच्या जागी प्रकाशकिरण घेतले. अर्धवट चांदीचा मुलामा चढविलेल्या काचेवर त्यांनी एक किरण सोडला. त्याचे दोन भाग झाले. एक सरळ गेला, दुसरा काटकोनात. दोन्ही भाग आरशांवरून परतून पुन्हा एकत्र आले. प्रकाशाचे दोन तरंग असे एकमेकांत मिसळले, की काळे व उजळ पट्टे दिसतात. एक किरण दुसऱ्यापेक्षा जरासा जरी मागे पडला, तरी हे पट्टे सरकतात. या उपकरणाला व्यतिकरणमापी म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण काम नदीतल्या शर्यतीच्या पंचाचे आहे.

१८८१ साली, जर्मनीत शिकत असताना, मायकेल्सन यांनी पहिला प्रयोग केला. त्याचा खर्च टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी दिलेल्या रकमेतून झाला. बर्लिनमध्ये रस्त्यावरील रहदारीने उपकरण थरथरू लागले, म्हणून ते पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हलविले. तेथेही शंभर मीटरवर कोणी पाय आपटला तरी पट्टे दिसेनासे होत! शेवटी जे दिसले त्यात ईथरच्या वाऱ्याची खूण नव्हती. परंतु मायकेल्सन यांच्या गणितात एक चूक निघाली. आडव्या जाणाऱ्या नावेलाही प्रवाहामुळे थोडा उशीर होतो, हे त्यांनी धरले नव्हते. डच शास्त्रज्ञ लोरेंट्झ यांनीही हा प्रयोग पुरेसा नाही असे दाखवून दिले. त्यामुळे प्रश्न तसाच राहिला.

मायकेल्सन आता नौदल सोडून अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी प्राध्यापक झाले होते. तेथे १८८२ साली त्यांनी पुन्हा प्रकाशाचा वेग मोजला आणि २,९९,८५३ किलोमीटर हे उत्तर काढले. शेजारच्याच संस्थेत एडवर्ड मोर्ले नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. दोघांची मैत्री जमली आणि ईथरचा प्रयोग पुन्हा करायचे ठरले. पण वाटेत संकटे आली. १८८५ साली अतिश्रमाने मायकेल्सन यांचे मन इतके थकले, की त्यांना काम सोडून उपचारासाठी न्यूयॉर्कला जावे लागले. काही महिन्यांनी ते परतले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या महाविद्यालयाच्या इमारतीला आग लागली आणि उरलेसुरले सामान घेऊन त्यांना मोर्ले यांच्या संस्थेत आसरा घ्यावा लागला.

तेथील तळघरात १८८७ सालच्या जुलै महिन्यात तो प्रसिद्ध प्रयोग झाला. दीड मीटर लांबीरुंदीची आणि एक फूट जाडीची दगडी शिळा पाऱ्यावर तरंगत ठेवली होती, म्हणजे हादरे बसू नयेत आणि ती सहज फिरावी. शिळेवर अनेक आरसे बसविले होते. किरण त्यांच्यावर पुन्हा पुन्हा आदळून सुमारे अकरा मीटर लांबीच्या वाटेवर गेल्यासारखा होई. शिळा एकदा हलके ढकलली, की ती सहा मिनिटांत एक फेरा पुरा करी. मायकेल्सन दुर्बिणीला डोळा लावून शिळेबरोबर चालत राहत आणि फिरता फिरता सोळा ठिकाणी पट्ट्यांची जागा सांगत. दुपारी प्रयोग होई आणि सायंकाळी पुन्हा होई. पृथ्वीचा वेग प्रकाशाच्या वेगाचा दहाहजारावा भाग आहे आणि शर्यतीतला फरक त्याहूनही लहान, दहा कोटींत एक इतकाच यायला हवा होता. तरीही या उपकरणात पट्टे आपल्या रुंदीच्या चार दशांश भागाने सरकायला हवे होते. ते स्पष्ट दिसले असते.

पट्टे हलले नाहीत. जे काही किंचित हलले, ते अपेक्षेच्या विसाव्या भागाहून कमी होते, म्हणजे हाताची चूक म्हणून सोडून द्यावे इतके. दोन्ही नावा बरोबरच काठाला लागल्या होत्या.

जरा विचार करा, त्या दोघांना काय वाटले असेल. ज्याच्यावर आपला विश्वास आहे ते सिद्ध करण्यासाठी एखाद्याने सहा वर्षे घालवावी, आजारपण सोसावे, जळलेल्या इमारतीतून सामान ओढून न्यावे, आणि निकाल उलटा यावा! आकडे थोडे इकडेतिकडे करण्याचा मोह झाला असता, तर कोणाला कळले असते? मायकेल्सन आणि मोर्ले यांनी आकडे जसेच्या तसे छापले. मात्र वेगवेगळ्या ऋतूंत प्रयोग पुन्हा करण्याचा आपला बेत त्यांनी सोडून दिला. मला हे जरा खटकते. पण मायकेल्सन यांचे मन खट्टू झाले होते, हे खरे. ते या प्रयोगाला अपयश समजत. ईथर आहे, फक्त आपल्याला तो सापडत नाही, असे त्यांना अखेरपर्यंत वाटत राहिले.

इतर शास्त्रज्ञ मात्र स्वस्थ बसू शकले नाहीत. आयर्लंडचे फिट्झगेराल्ड आणि नंतर लोरेंट्झ यांनी सुचविले, की ईथरमधून जाताना वस्तूची लांबीच किंचित कमी होत असावी, म्हणून फरक दिसत नसावा. आणि १९०५ साली आल्बर्ट आइन्स्टाइन या तरुणाने सगळा प्रश्नच उलटा केला. ते म्हणाले, की ईथरची गरजच नाही. रिकाम्या जागेत प्रकाशाचा वेग प्रत्येकाला सारखाच दिसतो. दिवा तुमच्याकडे धावत येवो की तुमच्यापासून दूर जावो, त्याचा उजेड तुमच्यापर्यंत एकाच वेगाने येतो. चेंडूचे असे होत नाही. धावत्या गाडीतून पुढे फेकलेल्या चेंडूला गाडीचा वेगही मिळतो. प्रकाशाला मिळत नाही. आइन्स्टाइन यांनी हा विचार केवळ मायकेल्सन यांच्या प्रयोगावरून केला नव्हता. पण लोकांना तो पटायला या प्रयोगाची मोठी मदत झाली. ज्या माणसाला प्रकाशाचा वेग बदलतो हे दाखवायचे होते, त्याच्याच हातून तो बदलत नाही याचा सर्वांत भक्कम पुरावा तयार झाला.

१८९२ साली मायकेल्सन शिकागो विद्यापीठात गेले. त्याच सुमारास ते पॅरिसला गेले आणि तेथे जपून ठेवलेला प्रमाण मीटर त्यांनी कॅडमियम धातूच्या लाल प्रकाशाच्या तरंगांनी मोजला. एका मीटरमध्ये असे १५,५३,१६३ तरंग आणि वर अर्धा एवढे भरतात! १९०७ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानात हे पारितोषिक मिळविणारे ते पहिले अमेरिकन होत. पारितोषिक देताना त्यांच्या अचूक उपकरणांचा आणि मोजमापांचा गौरव झाला. ईथरच्या प्रयोगाचे नावही घेतले गेले नाही. पहिल्या महायुद्धात साठी ओलांडलेले मायकेल्सन पुन्हा नौदलात रुजू झाले. युद्धानंतर, १९२० साली, त्यांच्याच पद्धतीने माउंट विल्सन वेधशाळेत आर्द्रा नावाच्या ताऱ्याचा व्यास मोजला गेला. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचा व्यास असा मोजण्याची ती पहिलीच वेळ होती. फावल्या वेळात ते व्हायोलिन वाजवीत, जलरंगात चित्रे काढीत आणि टेनिस खेळत.

पण प्रकाशाचा वेग त्यांना सोडत नव्हता. सत्तरी उलटल्यावर त्यांनी कॅलिफोर्नियातील दोन डोंगर निवडले. एका डोंगरावर आठ बाजूंचा फिरता आरसा आणि ३५ किलोमीटरवरच्या दुसऱ्या डोंगरावर परत पाठविणारा आरसा. प्रकाश जाऊन येईपर्यंत फिरत्या आरशाची पुढची बाजू बरोबर आधीच्या बाजूच्या जागी यावी, अशी योजना होती. हिशेब तुम्हीही करून पाहा. आरसा सेकंदाला ५२८ फेरे घेतो. त्याला आठ बाजू आहेत. तेवढ्या वेळात प्रकाश सुमारे ७१ किलोमीटर जातो. ५२८ ला ८ ने गुणा आणि आलेल्या संख्येला ७१ ने गुणा. तुमचे उत्तर तीन लाखांच्या अगदी जवळ येईल. अचूक अंतर घेऊन मायकेल्सन यांनी १९२६ साली २,९९,७९६ किलोमीटर हे उत्तर दिले. चूक झाली तर चार किलोमीटरची, असे ते म्हणाले. आज आपल्याला माहीत आहे, की त्यांचे हे उत्तर खऱ्या वेगापासून चार किलोमीटरच्या आतच होते.

तरीही त्यांचे समाधान झाले नाही. वाटेतली हवा त्यांना खुपत होती. म्हणून त्यांनी सांता अॅना गावाजवळ सुमारे एक मैल लांबीची लोखंडी नळी टाकली. तिच्यातली बहुतेक हवा काढून टाकायची आणि आत प्रकाशाचा वेग मोजायचा. १९३१ सालच्या जानेवारीत आइन्स्टाइन कॅलिफोर्नियाला आले, तेव्हा या दोघांची भेट झाली. आइन्स्टाइन यांनी सर्वांसमोर त्यांच्या कामाचा आदराने गौरव केला. मायकेल्सन तेव्हा फार थकले होते. ते अंथरुणावरून नळीतील प्रयोगाची रोजची खबर घेत. मृत्यूच्या थोडेच दिवस आधी त्यांनी या प्रयोगाच्या निबंधाची सुरुवात पडल्या पडल्या सांगून लिहवून घेतली. ९ मे १९३१ रोजी पॅसाडेना येथे ते वारले. त्यांचे सहकारी पीज आणि पिअरसन यांनी काम पुरे केले आणि १९३५ साली निकाल छापला: २,९९,७७४ किलोमीटर.

आता ते आकडे एकाखाली एक मांडा. १८७९ साली २,९९,९१०. १८८२ साली २,९९,८५३. १९२६ साली २,९९,७९६. १९३५ साली २,९९,७७४. काय दिसते? प्रत्येक वेळी आकडा खाली आला आहे. त्या काळी काही जणांनी खरोखरच असे लिहिले, की प्रकाशाचा वेग वर्षावर्षाला कमी होत आहे! पण १९५० च्या सुमारास विजेच्या सूक्ष्म तरंगांनी वेग मोजला तेव्हा तो २,९९,७९२ च्या आसपास निघाला, म्हणजे आकडा पुन्हा वर चढला. १९७२ साली लेझरच्या मदतीने केलेल्या मोजणीतही तोच आला. प्रकाश मंदावत नव्हता. माणसाच्या मोजण्यातल्या चुका कमी होत होत्या, आणि शेवटच्या वेळी त्या थोड्या दुसऱ्या बाजूला झुकल्या होत्या. १९८३ साली जगातील देशांनी मीटरची व्याख्याच प्रकाशावरून ठरविली. तेव्हापासून प्रकाशाचा वेग सेकंदाला बरोबर २९,९७,९२,४५८ मीटर मानला जातो.

मग हा प्रश्न संपला का? नाही. आकाशाच्या दोन विरुद्ध टोकांकडून आपल्याकडे येणाऱ्या अतिप्राचीन किरणांचे तापमान जवळजवळ सारखेच आहे. ही टोके एकमेकांपासून इतकी दूर आहेत, की विश्वाच्या सुरुवातीच्या काळात प्रकाशसुद्धा एकीकडून दुसरीकडे पोहोचू शकला नसता. मग दोन्हीकडची उष्णता सारखी झाली कशी? विश्व सुरुवातीला एकदम फुगले असावे, असे उत्तर बहुतेक शास्त्रज्ञ देतात. पण १९९० नंतरच्या दशकात जॉन मॉफट यांनी, आणि पुढे अल्ब्रेख्ट व मागेइजू यांनी दुसरे उत्तर सुचविले: आरंभी प्रकाशाचा वेग आजच्यापेक्षा फारच जास्त असावा. हा विचार धीट आहे, परंतु त्याला पुरावा अजून मिळालेला नाही. उलट बाजूचे पुरावे मात्र जमत आहेत. २००९ साली फर्मी नावाच्या अवकाश दुर्बिणीने दूरच्या एका स्फोटाचे किरण टिपले. ते सात अब्ज वर्षांहून अधिक काळ वाटचाल करून आले होते. त्यांत कमी शक्तीचे किरण होते आणि अतिशय जास्त शक्तीचाही एक किरण होता. एवढ्या लांबच्या शर्यतीत तो इतरांहून एक सेकंदसुद्धा मागे पडला नव्हता.

मायकेल्सन यांच्या दगडी शिळेवरची ती काटकोनातली मांडणी आजही कामाला येते. अमेरिकेतील लायगो या प्रयोगशाळेत तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांब आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी तेथे गुरुत्वीय तरंग प्रथमच टिपले गेले. तशीच एक प्रयोगशाळा आपल्या महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारायची आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली. तुमच्यापैकी कोणी त्या भागातले असेल, तर तुमच्या गावापासून ही जागा किती दूर आहे, हे नकाशावर शोधून पाहा.